फॅमिली डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

यातले निम्मे प्रश्न पेशंट उठून दारापर्यंत गेल्यावर मागे वळून विचारतात, उरलेले फोनवर येतात. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत. एकदा सांगितलेलं पुन्हा उगाळलेलं नाही. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरनं यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

१. फॅमिली डॉक्टर म्हणजे सर्दी-तापाचाच डॉक्टर ना?

सर्दी-ताप तर असतातच. पण १९६१ साली आरोग्यसेवेचे अभ्यासक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला होता, तो मला फार आवडतो. १००० प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० जण डॉक्टर गाठतात. ९ जण हॉस्पिटलात भरती होतात. आणि मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो तो एक. आम्ही सगळे डॉक्टर त्या एकाला बघत शिकलो. नंतर खुर्ची टाकून बसलो ती मात्र २५० जणांसमोर.

त्यामुळे गणितच बदलतं. मेंदूच्या सर्जनकडे पोचलेली डोकेदुखी आधीच चार चाळण्यांतून गेलेली असते. माझ्याकडे येणारी डोकेदुखी बहुतेक वेळा अपुरी झोप, ताण, चष्म्याचा नंबर यातली निघते. पण हजारातली एक तशी नसते, आणि ती ओळखायची जबाबदारी माझी. समोर कुणी बसलं की माझ्या मनातला पहिला प्रश्न "कोणता आजार?" हा नसतो. "आज यात धोक्याचं काही आहे का, आणि नसेल तर किती थांबता येईल?" हा असतो.

२. थेट स्पेशालिस्टकडे गेलो तर वेळ वाचत नाही का?

कधी कधी वाचतो. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एका हातातली ताकद गेलीय, धाप लागून वाक्य पुरं होत नाही, अशा वेळी माझ्याकडेही येऊ नका. सरळ तातडीच्या विभागात जा.

पण "चक्कर येते" एवढंच असेल तर कोणत्या स्पेशालिस्टकडे जाणार? कानाच्या, हृदयाच्या, मेंदूच्या? माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच चकरा गेल्या महिन्यात वाढवलेल्या बीपीच्या गोळीतून आलेल्या असतात, आणि ती गोळी कुणी वाढवली हे माझ्या वहीत असतं.

एकाच डॉक्टरकडे राहण्याचा फायदा मोजलाही गेला आहे. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. १५ वर्षांहून जास्त काळ एकाच फॅमिली डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये, नव्यानं डॉक्टर बदललेल्यांच्या तुलनेत, तातडीनं भरती होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि मृत्यूचं सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं. हा नोंदींचा अभ्यास आहे. ज्यांचं आयुष्य मुळात स्थिर असतं तेच एका डॉक्टरकडे टिकतात, असंही असू शकतं. तरी मला त्यात नवल वाटलं नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा आज वेगळा दिसतोय, हे पहिल्यांदा भेटणाऱ्याला कसं कळणार?

३. तुम्ही नुसतं "दोन दिवस बघू" म्हणता. मग मी आलो कशाला?

राग रास्त आहे. पण थांबणं ही माझ्याकडची सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा सर्वांत अचूक तपासणी आहे. अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती मोघम असतं, काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकतं. सकाळी पोट दाबून मला जे कळत नाही ते संध्याकाळी कळतं. बहुतेक विषाणूंचे ताप पहिल्या दिवशी एकसारखेच दिसतात, तिसऱ्या दिवशी आपापल्या वाटेला लागतात.

मात्र "बघू" म्हणताना डॉक्टरनं तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. मला काय वाटतंय, किती दिवसांत उतार पडायला हवा, आणि कोणतं लक्षण दिसलं तर दोन दिवसही न थांबता यायचं. मी विसरले तर तुम्ही विचारा.

हे मी चुकून शिकले. उलट्या होणाऱ्या एका लहान मुलाच्या आईला मी "दोन दिवस बघू या" एवढंच म्हटलं होतं. तिनं माझा शब्द तंतोतंत पाळला. मूल मलूल पडलं, अर्धा दिवस लघवी झाली नाही, तरी ती थांबली, कारण डॉक्टरांनी दोन दिवस म्हटलं होतं. मूल शिरेतून पाणी देऊन सुधारलं. तेव्हापासून "लगेच या" ची लक्षणं मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून देते, आणि एकदा वाचून दाखवायला लावते.

४. ताप कितीच्या वर गेला की घाबरायचं?

आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. १०३ ताप असूनही मूल मध्ये मध्ये खेळत असेल, पाणी पीत असेल, तर मला त्याची तेवढी काळजी वाटत नाही. १०१ लाच डोळे मिटून पडलेलं, हाक मारल्यावर नीट न बघणारं मूल मला लगेच दाखवा.

याला एक पक्का अपवाद आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर बाळ कितीही हसत असो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. रात्र असली तरी.

पॅरासिटामॉल वयावर देऊ नका, वजनावर द्या: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीच नको. बर्फाच्या पाण्यानं अंग पुसू नका. मूल कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. डासांमुळे डेंगी पसरत असेल तर तो नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेनही टाळा. डेंगीत आणखी एक गफलत होते. ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, आणि धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तिथूनच सुरू होतात. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, कुठूनही रक्त येणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

५. कफ आता हिरवा झालाय. आता तरी अँटिबायोटिक द्या.

हिरवा रंग बहुतेक वेळा तुमच्याच पांढऱ्या पेशींचा असतो. जंतूंशी लढताना त्या एक हिरवट विकर (एन्झाइम) सोडतात, आणि जंतू विषाणू असला तरी सोडतात. रंगावरून निदान होत नाही.

खरी अडचण दिवसांच्या हिशोबात आहे. सर्दीनंतरचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो, आपल्याला वाटतं आठवड्यात जायला हवा. मग आठव्या दिवशी कंटाळून माणूस येतो, अँटिबायोटिक घेतो, पुढच्या आठवड्यात खोकला आपल्या वेळेला जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वर्षी तीच गोळी नाव घेऊन मागितली जाते. छातीच्या साध्या सर्दी-खोकल्यात अँटिबायोटिकनं आजार कमी होतो तो साधारण अर्ध्या दिवसानं. त्यासाठी जुलाब, पुरळ, मळमळ पत्करायची. (मला स्वतःला मागे खोकला झाला तेव्हा अकराव्या दिवशी माझाही हात औषधांच्या कपाटाकडे गेला होता. कळत असूनही.)

अँटिबायोटिक मी देते ती न्यूमोनियाची शंका आली तर, घशात जिवाणूंचा संसर्ग तपासणीत दिसला तर, लघवीच्या संसर्गात, आणि अशा आणखी काही ठिकाणी. आणि हो, खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर जरूर या, फक्त मागणी बदला: थुंकी तपासायची आहे म्हणा. जिथे क्षयरोग आहे तिथे "सरासरी १८ दिवस" म्हणत घरी बसणं बरोबर नाही. वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

६. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा की बरं वाटलं की बंद करायचा?

याचं उत्तर माझ्याच कारकिर्दीत बदललं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला सरावतील. त्यातून "कोर्स अर्धवट सोडू नका" हा नियम घट्ट बसला. गेल्या काही वर्षांत मात्र बऱ्याच संसर्गांत जुने लांबलचक कोर्स गरजेपेक्षा मोठे होते असं दिसून आलं. साध्या न्यूमोनियाला आता पुष्कळदा पाच दिवस पुरतात. औषध जितके जास्त दिवस पोटात, तितकी आतल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही प्रतिकार शिकायची संधी.

म्हणून करायचं ते एवढंच: सांगितलेले दिवस घ्या, लवकर बरं वाटलं तर मनानं बंद न करता फोन करा. कधी कधी मी "थांबवा" म्हणेन. क्षयरोग या सवलतीत बसत नाही. त्याची औषधं महिन्यांच्या हिशोबात चालतात, बरं वाटणं दुसऱ्याच महिन्यात सुरू होतं, आणि तिथे सोडलेली गोळी पुढे फार महागात पडते. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून शेजाऱ्यांना देणं तर कुणीच करू नये. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट घेतलेल्या बळींचा अंदाज १२ लाख ७० हजार आहे.

७. गोळीऐवजी इंजेक्शन दिलंत तर लवकर बरं वाटेल ना?

तापाची गोळी अर्ध्या ते एका तासात काम करू लागते. गिळता येतंय, उलटी होत नाही, तर सुई टोचून जास्तीचं मिळतं ते दुखणं, क्वचित गळू, आणि सुई नीट निर्जंतुक नसेल तर कावीळ ब किंवा क. इंजेक्शनची गरज असते तेव्हा मी स्वतःहून सांगते.

८. जुलाबांनी थकवा आलाय, सलाईन लावता का?

पिता येत असेल तर तोंडानं. यामागचं शास्त्र सुंदर आहे. जुलाबात आतड्याची मिठाचं पाणी शोषायची नेहमीची वाट बिघडली तरी साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारी एक वाट शाबूत राहते, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ तेवढं काम करत नाही.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं. नातेवाईकच ते पाजत होते. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला.

पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अर्धं पाकीट अंदाजानं नको. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून चव घेऊन बघा: अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू. मुलांना सोबत दहा ते चौदा दिवस झिंक. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, किंवा पाजलेलं काहीच टिकत नाही, अशा वेळी मात्र सलाईनसाठी भांडा, मी तुमच्या बाजूनं.

९. घरी बीपी वेगळं येतं, दवाखान्यात वेगळं. खरं कोणतं?

बहुतेक वेळा घरचं, पण नीट घेतलं असेल तरच. एक काका दर महिन्याला येतात. जिना चढून येतात, खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाही वर करतात, पट्टा फुगत असतानाच नातीच्या परीक्षेचं सांगू लागतात. पाय एकावर एक, हात मांडीवर लोंबता. आकडा येतो १५८. मी काही बोलत नाही. हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवते, पाय जमिनीवर टेकवायला लावते, पाठ मागे, आणि पाच मिनिटं शांत बसवते. त्या पाच मिनिटांत मी दुसऱ्याचे रिपोर्ट वाचते. पुन्हा घेतलं की १३६. गोळी तीच, माणूस तोच.

बोलण्यानं वरचा आकडा सहज दहानं वाढतो. भरलेलं मूत्राशय, नुकतीच ओढलेली सिगारेट, जाड दंडाला लहान पट्टा, सगळे आकडा फुगवतात. घरी मोजायचं तर सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, एका मिनिटाच्या अंतरानं. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या सरासरीसाठी १३५/८५. पहिल्यांदा मोजताना दोन्ही दंडांवर मोजा आणि पुढे जास्त आकड्याचा दंड वापरा.

अपवाद दोन. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर घरचं यंत्र फसतं. आणि काहींचं याच्या उलट असतं: दवाखान्यात उत्तम, कामाच्या धबडग्यात वाढलेलं. म्हणून घरचे आकडे वहीत हवेत. आवडलेले तेवढेच लिहून आणू नका. मला ते कळतं.

१०. मला काहीच त्रास नाही. मग आयुष्यभर बीपीची गोळी कशासाठी?

या गोळीनं आज तुम्हाला काहीही बरं वाटणार नाही. ती पुढच्या पक्षाघाताची शक्यता कमी करते, आणि तो तुम्हाला मुळातच झाला नसता असंही असू शकतं. अनेकांनी घ्यायची तेव्हा एकाचा वाचतो, तो कोण हे कुणालाच दिसत नाही.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात ही विसंगती नेमकी मांडली: फार जास्त धोका असलेली माणसं थोडी असतात, थोडासा धोका असलेली प्रचंड, म्हणून एकूण आजारी पडणाऱ्यांत दुसऱ्या गटातले जास्त भरतात. यामुळेच सगळ्यांचं मीठ थोडं कमी होणं हे माझ्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा मोठं काम करून जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही आलं.

बीपी सीमारेषेवर असेल आणि बाकी धोके नसतील तर आधी काही महिने मीठ, वजन, चालणं आणि दारू यावर काम करू. १६० च्या वर राहत असेल तर ती चर्चा गोळी सुरू करून मग.

११. वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप करून घेऊ ना?

प्रयोगशाळेची "नॉर्मल" रेघ साधारणपणे अशी आखतात, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे ठणठणीत माणूसही प्रत्येक तपासणीत पाच टक्के वेळा बाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या करा, आणि १०० निरोगी माणसांपैकी ६४ जणांच्या कागदावर किमान एक आकडा ठळक छापून येईल. मग तो आकडा घेऊन माणूस माझ्याकडे, पुढची तपासणी, सोनोग्राफी, एक अर्धवट झोपेचा आठवडा.

सरसकट आरोग्य तपासणीच्या चाचण्यांचा २०१९ चा कोक्रेन आढावा (कोक्रेन ही अनेक अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) अडीच लाखांहून जास्त लोकांचा आहे. अशा तपासणीनं मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं त्यात दिसलं नाही.

तपासणी हवीच, ती निवडक. बीपी सगळ्यांचं. वजन, वय, घराण्यातला मधुमेह बघून शुगर. वयानुसार कोलेस्टेरॉल. स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी, ठरावीक वयानंतर स्तनांची आणि आतड्याची. कधी सुरू करायची, किती वर्षांनी, हे तुमच्या घराण्याच्या इतिहासावर ठरतं. त्यासाठी बसून बोलू. ते बोलणं पॅकेजमध्ये नसतं.

१२. पण कॅन्सर लवकर सापडला तर चांगलंच ना?

कोणता कॅन्सर, त्यावर आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासणी मोहिमेसोबत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या १५ पट झाली. त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यातून अशा गाठी निघाल्या ज्यांनी त्यांना जन्मात त्रास दिला नसता, आणि त्यांच्या हाती आली आयुष्यभराची थायरॉइडची गोळी.

दुसऱ्या टोकाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तो होण्याआधीची अवस्था वर्षानुवर्षं टिकते, सापडते, आणि छोट्या उपचारानं संपते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य तिथे आहे: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ आणि ४५ व्या वर्षी तपासणी, बाधा सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया थायरॉइडची तपासणी दरवर्षी मागतात आणि ही दुसरी लाजेनं टाळतात.

हे सगळं काही त्रास नसलेल्यांसाठी. गाठ लागतेय, रक्त जातंय, वजन घटतंय, गिळताना अडकतंय, तर ती चाळणी तपासणी राहत नाही. ते लक्षण आहे, उशीर नको.

१३. कंबर दुखते, एमआरआय लिहून द्या.

कंबर कधीही न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसते. ती वयाची सुरकुती आहे, फक्त आतून. रिपोर्टमध्ये मात्र असे शब्द येतात की माणूस वाकायलाच घाबरतो, आणि न हलल्यानं कंबर आणखी आखडते. बहुतेक दुखणी सहा आठवड्यांत आवरतात; चालत राहा, अंथरुणाला खिळू नका.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी. सोबत ताप, पूर्वीचा कॅन्सर, मोठा मार किंवा घटतं वजन असेल तर एमआरआय मीच आधी लिहीन.

१४. तो आजार तर आता दिसतही नाही. मग लस कशाला?

देवीची लस आता सर्वसामान्यांना दिली जात नाही, कारण तिचा नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. इतका पक्का निरोप माणसांतल्या दुसऱ्या कुठल्याही रोगाला अजून देता आलेला नाही. गोवर दिसत नाही तो लसीमुळे, आणि लस मागे पडली की परत येतो. आजवर एकाही व्यक्तीला प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. तो रोखायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. उरलेल्या पाचांत नऊ महिन्यांच्या आतली बाळं आणि केमोथेरपी चालू असलेली मुलं बसतात. ती जागा त्यांच्यासाठी राखीव आहे.

१५. आज लसीची तारीख आहे आणि बाळाला सर्दी झालीय. मागचा डोसही चुकलाय. आता पहिल्यापासून?

साधी सर्दी, थोडा खोकला, अंगात कणकण असेल तरी लस देता येते. चांगलाच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबू. चुकलेल्या डोसासाठी बहुतेक लसींची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे चालवतात. आधीच्या डोसानंतर जीवघेणी ॲलर्जी आली असेल तर मात्र तीच लस पुन्हा नाही.

गरोदरपणात गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी टाळतात, फ्लू आणि डांग्या खोकल्याची मुद्दाम देतात, कारण आईचं संरक्षण बाळाला जन्माआधीच मिळतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कुठलीही लस घेण्याआधी विचारा.

१६. आजींच्या चार डॉक्टरांच्या मिळून अकरा गोळ्या झाल्यात. सगळ्या लागतात का?

बहुधा नाही. सगळ्या पिशवीत भरून आणा; ज्याला तुम्ही "साधं", "शक्तीचं", "झोपेचं" म्हणता तेही. अशीच एक पिशवी मी टेबलावर उपडी केली तेव्हा दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या निघाल्या, एक हृदयाच्या डॉक्टरांची, एक किडनीच्या. आतलं औषध एकच, नावं दोन कंपन्यांची. आजी तीन महिने दुप्पट डोस घेत होत्या आणि उठताना चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी चक्करेची गोळी दिली होती.

पॅरासिटामॉल असंच लपलेलं असतं, सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, तापाच्या गोळीत. धडधाकट प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. वजन कमी किंवा यकृत दुबळं असेल तर बरीच कमी. जास्त झालं तर पहिला दिवस-दीड दिवस माणूस ठीक दिसतो, म्हणून लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. दुसरी घातक जोडी: बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर मनानं घेतलेली वेदनाशामक. तिन्ही मिळून किडनीचा पाणीपुरवठा तोडतात, जुलाब-उलट्या चालू असताना तर हमखास.

हे वाचून आजच गोळ्या फेकू नका. स्टेरॉइड, फिट्सची औषधं, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या अचानक बंद केल्यानं जास्त नुकसान होतं. त्या एकेक करून उतरवायच्या असतात.

१७. बाबांना ताप नाही, दुखत काही नाही, पण कालपासून विचित्र बोलतायत. वय म्हणून सोडून द्यायचं?

एका दिवसात कुणी म्हातारं होत नाही. वृद्धांत लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, नवी झोपेची गोळी, हे सगळे अचानक गोंधळलेपण, पडणं किंवा जेवण टाकणं या रूपात येतात. ताप येईलच असं नाही. मधुमेही आणि वयस्कर माणसांत, आणि स्त्रियांतही, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसती धाप, घाम, मळमळ घेऊन येऊ शकतो. प्रश्न ४ मधलं "माणसाकडे बघा" इथेही लागू, फक्त बघणारा रोजचा माणूस हवा. तुम्हाला "हे नेहमीचे बाबा नाहीत" असं वाटतंय, तर मला तेवढं पुरे आहे.

१८. तीस वर्षं सिगारेट ओढली. आता सोडून काय उपयोग?

ब्रिटिश डॉक्टरांचाच ५० वर्षं पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आकडे मांडले. तरुणपणापासून ओढत राहिलेल्यांचं आयुष्य साधारण १० वर्षांनी घटतं. ६० व्या वर्षी सोडली तर त्यातली ३ वर्षं परत मिळतात, ५० व्या वर्षी ६, ४० व्या वर्षी ९, आणि ३० व्या वर्षी जवळजवळ सगळी. माझ्याकडची कुठलीच गोळी एवढं देत नाही. पहिल्या प्रयत्नात सुटत नाही, बहुतेकांची सुटत नाही. तरी पुन्हा या, निकोटिनचा पट्टा किंवा च्युइंगम, औषध आणि बोलणं एकत्र केलं तर निभावतं.

१९. आमचं अख्खं घर तुमच्याकडे येतं. मी सांगितलेलं तुम्ही माझ्या नवऱ्याला सांगता का?

नाही. ते तुमच्याबद्दल विचारतात, मी "तिलाच विचारा" म्हणते, ते थोडे रागावतात, चालतं. तुमच्यादेखत ठरलं तेवढंच बोलते.

अपवाद आहेत आणि ते आधीच सांगितलेले बरे. कुणाच्या जिवाला धोका असेल, मुलावर अत्याचार होत असेल, किंवा क्षयरोग, कॉलरा, गोवर यांसारखा कायद्यानं कळवायचा आजार असेल, तर मला कळवावं लागतं. अगदी गरजेपुरतं, गरजेच्या माणसाला. त्यातून काय साधतं? १८५४ मध्ये लंडनच्या सोहोत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांचे पत्ते गोळा केले आणि त्यातले बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती जमलेले दिसले. पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती हे स्नो यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. पण पाण्याचा संबंध कळला तो पत्ते गोळा झाल्यामुळे. मी एकटी माझ्या खोलीत जुलाबाचे तीन पेशंट बघते. शेजारच्या चार दवाखान्यांत तसेच तीन-तीन आहेत, हे कळवल्याशिवाय कुणाला दिसणार?

२०. डॉक्टर बदलायचा आहे. तुम्हाला वाईट वाटेल का?

थोडं वाटेल. तरी बदला, पटत नसताना टिकून राहण्यानं प्रश्न २ मधला फायदा मिळत नाही. जाताना एवढं घेऊन जा: चालू औषधांची आतल्या औषधाच्या नावासह यादी, कशाची ॲलर्जी आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं, झालेली ऑपरेशनं वर्षांसह, लसींच्या नोंदी, जुना ईसीजी (नवा बदल कळायला जुना लागतो), आणि घराण्यात कुणाला कोणत्या वयात काय झालं. एक दिवस आधी फोन करा म्हणजे मी कागद काढून ठेवते.